पाकातला प

माश्या मारणे हा वाक्प्रचार ज्या कुणी काढला, त्याला एकदा ताईसमोर उभं करायला हवं. सहा वर्षं झाली, दर रविवारी जेवताना तिचा धाकटा भाऊ विचारायचा, "काय ताई, डॉक्टर झालीस की अजून माश्याच मारतेयस?" आई त्याला डोळ्यांनी दटावायची आणि मग तोंड फिरवून स्वतःच हसायची. ताई तेहतीस वर्षांची. घरी ताई, प्रयोगशाळेत ताई, आणि गच्चीवर वायर दुरुस्त करायला आलेल्या माणसाचीही ती पाच मिनिटांत ताईच झाली होती.

खरं तर ती माश्या मारत नव्हती, हीच तिची अडचण होती. मारायच्याच असत्या तर दोन महिन्यांत काम उरकलं असतं. कीटकनाशकाने कीटक मरतात हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही, ते डब्यावर लिहिलेलं असतं. तिचा प्रश्न पुढचा होता. फवारलेल्या फुलावरून मधमाशीच्या पोटात जेवढं जातं तेवढंच, म्हणजे मरणार नाही इतपत विष दिलं, तर माशी त्यातून सावरते का? आणि सावरली हे ओळखायचं कसं, तर ती घरी परत येते का ते बघायचं. माशीच्या पाठीवर कणीएवढा नंबर चिकटवायचा, दोन दिवस तिला साखरेचा पाक पाजायचा, मग डबीत घालून दीड किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीपाशी सोडून यायचं आणि प्रयोगशाळेच्या गच्चीवर मधपेटीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं. नंबर पाच आली. नंबर अठरा आली. नंबर नऊ नाही आली. साध्या पाकावरच्या बहुतेक सगळ्या परतायच्या, विषाच्या पाकावरच्या निम्म्या वाटेत हरवायच्या. दोन हंगाम हेच घडलं होतं, आणि त्यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता. आता फक्त तिसरा हंगाम पुरा करून समितीपुढे मांडायचा होता. मुदत संपत आली होती, आणि मुदत संपली की सहा वर्षं पाण्यात.

नेमक्या याच हंगामात माश्या उलट्या वागायला लागल्या. सगळ्या खेपांत नाही, अधूनमधून. विषवाल्या गुणी बाळांसारख्या घरी यायच्या आणि साध्या पाकवाल्या बेपत्ता. पहिल्यांदा ताईने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा वजनकाट्याला. तिसऱ्यांदा तिने स्टुलावर बसल्या बसल्या रिकाम्या आभाळाकडे पाहिलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वारा, काटा, माशी, यातलं कुणीच पाकाच्या बाटल्या उलटसुलट करत नाही. ते काम हातांचं असतं.

आता हात किती? पाक ठेवायच्या फ्रीजला कुलूप होतं आणि चाव्या तीन. एक ताईची, एक तिच्या मार्गदर्शक मॅडमची आणि एक लंबूची.

लंबू म्हणजे तिच्याहून सहा वर्षांनी लहान संशोधक, दारातून वाकून येणारा. तो फुलमाश्यांवर काम करायचा, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, मधमाशीचं सोंग घेतलेल्या माश्यांवर. त्यावरून ताई त्याला चिडवायची की तुझी माशीसुद्धा नकली. तो "ताई, तू म्हणजे ना" म्हणून तिच्यासाठी चहा आणायचा. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. एकच गोष्ट होती. त्याची शिष्यवृत्ती कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीची होती.

ही गोष्ट ताईला तीन वर्षं माहीत होती आणि तीन वर्षं तिला तिचं काही वाटलं नव्हतं. आता रातोरात वाटायला लागलं. विष पाजलेल्या माश्या ठणठणीत आणि न पाजलेल्या हरवल्या, असा निकाल आला तर पेढे कोण वाटणार? कंपनी. खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि एकदा असं म्हटलं की मग काय, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. तो सकाळी लवकर येतो, का येतो? तो शीळ घालतो, पण ती आत आली की थांबतो, का थांबतो? एकदा त्याने विचारलं, "ताई, या वेळी बाटल्या भरायला मदत करू?" तीन वर्षांत कधी नाही ती आताच बरी मदत सुचली. तिने वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून हे सगळं लिहायला सुरुवात केली. लंबूला पाठ असलेला कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. चहा तर तिने सोडलाच. पित्त होतं म्हणाली, आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन एकटी प्यायली.

लंबूला कळत नव्हतं असं नाही. एका मंगळवारी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, एक विचारू? तुझ्या बाटल्यांबद्दल होतं."

"आत्ता नको."

"दोनच मिनिटं."

"लंबू, मला काम आहे." तिने मानही वर केली नाही. तो निघून गेला. वहीच्या मागच्या पानावर आणखी एक ओळ वाढली: बाटल्यांची चौकशी करत होता.

पुढच्या सोमवारी तिने घरून जुना मोबाईल आणला. कपाटावर हातमोज्यांच्या खोक्यामागे चार्जरला लावून ठेवला, भिंग तेवढं बाहेर. खाली लांब टेबल आणि फ्रीज दोन्ही दिसत होते. असलं काही आपण करू असं तिला वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. पण कपाटावरून उतरताना तिला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं.

आणि सापडलाच की. बुधवारी तिने मोबाईल काढला, आणि धीर कुठला, थेट मंगळवारच्या सकाळवर गेली. सात चाळीसला लंबू आला. त्याने फ्रीज उघडला, ताईच्या तबकातली एक बाटली काढली, खिडकीच्या उजेडात धरली, गोल फिरवली. दुसरी काढली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मग दाराकडे पाहिलं. बाटल्या आत गेल्या. चाळीस सेकंद. तिने ते अकरा वेळा पाहिलं. गुरुवारी त्याच खेपेच्या माश्या सोडल्या आणि त्या उलट्या वागल्या. चौथी उलटी खेप. आता आणखी काय हवं?

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत दार लावून तिने ते चाळीस सेकंद दाखवले. मॅडम कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि लंबूला बोलावून घेतलं.

लंबूने स्वतःला पडद्यावर पाहिलं आणि आधी मोबाईलकडे नाही, ताईकडे पाहिलं. "मी नुसतं बघत होतो."

"काय बघत होतास?" मॅडम.

"मला वाटलं पाक खालीवर झालाय. विषाचा साध्यात, साधा विषात. नक्की माहीत नाही मला. ताईला विचारणार होतो, पण..."

"खालीवर कुणी केला?"

लंबूचे कान लाल झाले. "नक्की माहीत नसताना मी कुणाचं नाव कसं घेऊ?"

"बघा," ताई म्हणाली. "त्याला माहीत होतं. बाटल्या बदलल्यात हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालासुद्धा आज सांगितलं. याला कसं कळलं?"

लंबूने खिशातून चावी काढली, कुणी मागण्याआधीच, आणि टेबलावर ठेवली. मॅडमनी चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत यायचं नाही असं सांगितलं, कंपनीच्या शिष्यवृत्तीवाल्यांना कळवावं लागेल असंही सांगितलं. तो गेल्यावर त्या ताईला म्हणाल्या, "त्या चार खेपा वगळू. छेडछाड झाली अशी नोंद करू. समिती ऐकेल. राहिलेल्या पाच खेपा पुरेशा आहेत तुला." ताई बाहेर आली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते. तिने आईला फोन करून सांगितलं की झालं, आता होते मी डॉक्टर.

चौकशीला चाळीस सेकंद पुरत नाहीत, पूर्ण चित्रण द्यावं लागतं. म्हणून रविवारी जेवणं आटोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि सोमवार लावला. कुठे उगीच तिचं जांभई देणं वगैरे असेल तर आधी माहीत असावं एवढाच हेतू.

इथे बाटल्यांची नावं सांगायला हवीत. नाव देण्याची ताईची एक पद्धत होती आणि तिला तिचा भारी अभिमान होता. साधा पाक म्हणजे पाकातला प. विषाचा पाक म्हणजे विषातला ष, शाळेतला पोटफोड्या ष. मुळात ष म्हणजे तरी काय, प काढायचा आणि पोटात एक आडवी तिरकी रेघ मारायची. म्हणून ती एका दमात सगळ्या चिकटपट्ट्यांवर प लिहून टाकायची आणि कोरड्या बाटल्यांना लावायची, कारण पाकाने चिकट झालेल्या बाटलीला पट्टी धरत नाही. मग तबकात चार पुढे, चार मागे. पुढच्या ओळीत साधा पाक, मागच्या ओळीत विषाचा. विषाचे हातमोजे बाहेरच्या बंद डब्यात टाकायचे, हात धुवायचे, आणि मग स्वच्छ हाताने मार्कर घेऊन मागच्या चार प-ची पोटं फोडायची. आधीच रेघ मारून ठेवली तर काय बिघडतं, असं पुढे तिला शंभर जणांनी विचारलं. तिचं म्हणणं असं, की भरण्याआधी बाटलीला विष म्हणू नये, भरताना हात चुकला तर चिठ्ठी खोटी ठरते. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण प्रत्येक शहाणपणात एक पळवाट असते.

पडद्यावर सोमवारची ताई आठ बाटल्या भरते. पुढे साधा, मागे विष. शाब्बास. हातमोजे टाकायला बाहेर जाते. खोली रिकामी. मग काका येतात. काका म्हणजे प्रयोगशाळेची झाडपूस बघणारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कामाला वाघ. अधूनमधून एखाद्या सोमवारी ते टेबलाला औषधी पाणी मारायचे. त्यांनी तबक उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, टेबल पुसलं, पलीकडच्या बाजूने येऊन तबक परत जागच्या जागी ठेवलं. जागा तीच. फक्त तोंड फिरलं. मागची ओळ पुढे आली.

मग ताई आली, मान वाकडी करून फोन खांद्यात धरलेला. तिला आठवलं, आईचा फोन होता, नळवाला आज पण आला नाही म्हणून. पडद्यावरची ताई हसली, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि मागच्या चार प-च्या पोटात चार रेघा मारल्या. ठसठशीत. साध्या पाकावर.

तिने थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. तबक तसंच फिरलं आणि रेघा तिथेच पडल्या. चोर पकडायला लावलेल्या भिंगात तिने स्वतःलाच पकडलं होतं.

"काय बघतेस गं एवढं?" भाऊ.

"माश्या," ती म्हणाली.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. लंबू बाटल्या का बघत होता तेही आता लख्ख कळलं. विष पाकात विरघळवायला जो द्राव घालतात, त्याने थंड बाटलीच्या काचेला आतून बारीक बुडबुडे धरतात. ते बुडबुडे प लिहिलेल्या बाटल्यांना होते, आणि ते त्या पोराने पाहिलं होतं. तो विचारायला आला होता आणि तिने मान वर केली नव्हती. मॅडमसमोर तो सरळ म्हणू शकत होता की ताईचीच चूक असणार. नक्की माहीत नाही म्हणून नाही म्हणाला. तिला तरी काय नक्की माहीत होतं? तिने मात्र नाव घेतलं होतं.

आणि लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तोही सांगायलाच हवा, नाहीतर गोष्ट खोटी होईल. चित्रण तिचं. मोबाईल तिचा. सोमवार पुसला तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. लंबूने छेडछाड केली असं राहिलं तर चार खेपा गळतात आणि प्रबंध उभा राहतो. चूक ताईची असं ठरलं तर कुणाही शहाण्या माणसाचा पुढचा प्रश्न एकच: बाकीच्या पाच खेपांत तबक फिरलं नव्हतं कशावरून? आणि त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. अख्खा हंगाम जाणार, आणि हंगामाबरोबर मुदत.

आई भांडी लावत होती. ताईने तिला सगळं सांगितलं, बुडबुड्यांसकट. आईला प आणि ष एवढंच कळलं असावं. ती हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे मी त्या नळाचं सांगायला फोन केला नसता तर..."

"तुझं काही नाही गं त्यात, आई."

"बरं." आईने ताट फडताळात ठेवलं. "मग आता त्या पोराचं काय?"

सोमवारी मॅडमनी पूर्ण चित्रण पाहिलं. एकदाच. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"एका खेपेचा पुरावा आहे. बाकी तीन उलट्या खेपा तबकामुळेच उलटल्या, हे समिती केवळ तू म्हणतेस म्हणून मानणार नाही. आपल्याला हवा तसा निकाल लावण्यासाठी हिने चिठ्ठ्या फिरवल्या असं म्हणतील. हंगाम रद्द होईल. मुदतवाढ मिळेलच असं मी सांगू शकत नाही. परवा बैठक आहे. संध्याकाळपर्यंत विचार कर. तोवर मी काही ऐकलेलं नाही."

ताईला वाटलं, हो म्हणावं, घरी जावं, झोपावं. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता ऐकलंय."

बुधवारच्या बैठकीत पाच जणांसमोर तिने आपणच आपल्याला दाखवलं. तबक फिरताना एक जण हसला, मग बाकीचेही हसले, आणि मग कुणी हसेना. हंगाम रद्द झाला. खूप घासाघीस होऊन एक वर्ष मिळालं, शेवटचं, लेखी ताशेऱ्यासकट. लंबूवर काही दोष नाही असं पत्र निघालं, कंपनीकडेही गेलं, आणि त्याची चावी त्याला परत मिळाली. परवानगीशिवाय कॅमेरा लावल्याबद्दल ताईला वेगळं पत्र मिळालं, ते तिने वाचून सही करून परत दिलं. काकांना तिने काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलंच. ते येऊन म्हणाले, "ताई, मी तबकाला हात लावायला नको होता." तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की चूक रेघ मारणाऱ्याची. त्यांना ते फारसं पटलं नाही.

लंबूकडे ती स्वतः गेली. तो एका मित्राच्या खोलीवर राहायचा, जिन्यात सायकली. तिने माफी मागितली, उभ्या उभ्या, वाक्य पाठ करून नेलं होतं आणि ते मध्येच विसरली. तो सगळं ऐकून म्हणाला, "ठीक आहे." मग म्हणाला, "बसा ना."

तीन वर्षं तो तिला तू म्हणत आला होता. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, वाकून, नेहमीच्या वेळी. रागावलेला वगैरे नव्हता. काकांशी बोलला, फुलमाश्यांच्या जाळ्या झटकल्या, त्याच्या विषयातली एक शंका ताईने विचारली तर नीट सांगितली. "तुम्हाला हा तक्ता उपयोगी पडेल," म्हणून एक कागदही दिला. ताईने चहा आणला, दोन कप. तो थँक यू म्हणाला आणि त्याने तो पूर्ण प्यायला. शीळ तेवढी घातली नाही.

तिने नव्या हंगामासाठी नवी टोपणं मागवली, साध्या पाकाला पांढरी, विषाला लाल, भरताक्षणी लावायची. ती लावून बाटल्या ठेवायला ती फ्रीजपाशी गेली तर कडीला दोऱ्याने एक पातळ वही बांधलेली होती, सोबत पेन. कुणी सांगितलं होतं अशी वही ठेवायला? कुणीच नाही. तिने मॅडमना विचारलं, त्यांना पत्ता नव्हता. अक्षर लंबूचं होतं, बारीक, उभट. रकाने आखलेले: तारीख, वेळ, काम, सही.

आठ वाजून दहा. नमुन्यांचा डबा ठेवला. बाटल्यांना हात लावला नाही.

एक वाजून पाच. नमुन्यांचा डबा काढला. बाटल्यांना हात लावला नाही.

चार वीस. माझ्या नळ्या काढल्या. बाटल्यांना हात लावला नाही.

ताईने मागे वळून पाहिलं. पलीकडे लंबू पाठमोरा बसून जाळीतल्या माश्या मोजत होता. तिला म्हणायचं होतं, लंबू, हे नको करूस, मी पाया पडते तुझ्या. पण हवं होतं तिला हेच ना? तिच्याच वहीच्या मागच्या पानावर ती महिनाभर हेच लिहीत होती. आता तो तिच्यासाठी लिहीत होता, रोज, न विसरता, आणि वही शंभर पानी होती.

तिने पेन घेतलं, त्याच्या खालच्या ओळीत वेळ लिहिली, बाटल्या ठेवल्या असं लिहिलं आणि सही केली.